भिंतीवरची किटली

आमच्या कंपनीत कँटीनच्या दाराशी एक मोठा बोर्ड लावलेला आहे. त्यावर लिहिलंय, एखादी चूक सापडली की तिला पाच वेळा 'का?' विचारा. पार्ट वाकडा का? साचा हलला म्हणून. साचा का हलला? नट सैल होता म्हणून. असं विचारत गेलं की पाचव्या 'का'ला खरं कारण हाती लागतं, अशी पद्धत. मी सुप्याच्या एमआयडीसीत तपासणीचं काम करते. लाईनवरून आलेले पार्ट बघायचे, वाकडा दिसला की बाजूला काढायचा. या कामानं मला एक खोड लागली. घरी दूध उतू गेलं तरी मी आधी 'का?' विचारते, गॅस नंतर बंद करते. नवरा म्हणतो, तुला पगार देऊन कंपनीनं आमचं वाटोळं केलं.

पण मला स्वतःला एका गोष्टीचा उलगडा होत नव्हता. मी रोज कामावर उशिरा का पोचते?

मी आळशी नाही. पहाटे उठते, भाकरी, भाजी, दोन डबे, लेकीची वेणी, सगळं आवरून आमच्या वस्तीवर बाकी कुणी दार उघडायच्या आत मी साडी नेसून अंगणात तयार असते. फाटा स्कुटीवर फार लांब नाही. कंपनीची बस फाट्यावर येते, थांबते, दोन हॉर्न देते आणि निघून जाते. मी पोचते तेव्हा बऱ्याचदा तिची नुसती धूळ दिसते. मग शिटा भरेपर्यंत थांबणाऱ्या वडापच्या जीपमध्ये कोंबून घ्यायचं, गेटवर उतरून पळायचं आणि हजेरीच्या मशीनवर बोट टेकवलं की लाल अक्षरं बघायची. लाईनवरच्या बाया मला 'दुसऱ्या पाळीची' म्हणायला लागल्या होत्या. मीही हसायचे. हसण्याशिवाय करणार काय?

खरं कारण मला माहीत होतं, निदान तसं मला वाटत होतं. कारण होती एक म्हैस. तीही आमची नाही, जावेची.

हे जरा सांगायला लागेल. आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा जमीन, विहीर, खोल्या सगळं रीतसर झालं, आणि भांडण लागलं ते म्हशीवरनं. ती म्हैस मी वाढवलेली. रेडकू होती तेव्हापासून माझ्या हातची. माझ्या थोरल्या जावेनं चारचौघांत म्हटलं, "ही कंपनीवाली बाई. हिला कशाला पायजे म्हैस?" चारचौघांनी माना हलवल्या आणि म्हैस तिकडं गेली. मला ते एवढं लागलं की त्या दिवसापासून मी जावेशी बोलले नाही. तीही बोलली नाही. आमच्यात भिंत घातली गेली, बिनगिलाव्याची, छातीएवढी. पलीकडं लगेच गोठ्याचा पत्रा खाली उतरतो, त्यामुळं इकडून तिकडचं दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. भावाभावांचं बोलणं चालू राहिलं. विहिरीच्या पाण्याची पाळी ठरवायला बोलावंच लागतं. बायकांना पाण्याची पाळी नसते, म्हणून आमचा अबोला टिकला.

मग थोरल्या दिराचा, जावेच्या नवऱ्याचा, पाय ट्रॉलीखाली आला. हाड जुळलं, पण गाडी चालवायची बंद झाली. सकाळचं दूध फाट्यावरच्या डेअरीला तेच घालायचे. माझा नवरा शेतीची लाईट येईल तेव्हा मोटरीवर, त्याचा नेम नाही. दुसऱ्याच सकाळी मी स्कुटी काढायला गेले तर भिंतीवर दुधाची किटली ठेवलेली. कुणी हाक नाही मारली, कुणी सांगितलं नाही. मीही काही न बोलता ती पायाशी ठेवली आणि डेअरीत नेऊन दिली. संध्याकाळी येताना रिकामी किटली आणून परत भिंतीवर ठेवली. असं सुरू झालं ते सुरूच राहिलं. आपल्याकडं दूध न्यायला नाही म्हणत नाहीत. माणसाशी वैर असलं तरी दुधाशी कुणी वैर करत नाही.

एकदाच गडबड झाली. सुरुवातीच्या दिवसांतच मला बस चुकेल अशी भीती वाटली आणि मी किटलीची वाट न बघता निघून गेले. संध्याकाळी आले तर किटली भिंतीवर तशीच, दिवसभर उन्हात. झाकण काढलं तर दूध फाटून दही-पाणी झालेलं. मला फार वाईट वाटलं. दुधाचं वाटलं, आणि तिनं ती किटली दिवसभर तशीच राहू दिली, आत नेली नाही, याचंही वाटलं. मला दाखवायलाच ठेवली असणार. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की आता किटली भिंतीवर दिसल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही.

आणि तेव्हापासून किटली यायला उशीर व्हायला लागला.

मी स्कुटीजवळ उभी. गोठ्यात खुडबुड. बादलीत धारेचा आवाज सुरू झाला की मला बरं वाटायचं. मग आवाज थांबायचा. मग काहीच नाही. बस यायची वेळ होत आलेली, मी या पायावरून त्या पायावर. हाक मारावी तर अबोला. शेवटी वैतागून 'मरू दे ते दूध' म्हणत बटन दाबायचे, तर तेवढ्यात पत्र्याखालून एक हात वर यायचा आणि किटली भिंतीवर ठेवून जायचा. नेमकी त्याच वेळी. मी म्हणायचे, मुद्दाम चाललंय हे. आपल्याला घाईला आणायचं आणि गंमत बघायची.

पण बोर्डावरच्या पद्धतीनं बघायचं तर 'मुद्दाम' हे कारण होत नाही. आमचे सुपरवायझर म्हणतात, माणसावर ढकललंत की तपासणी संपली, यंत्राकडं बघा. म्हणून मी म्हशीकडं बघायला लागले. मी उशिरा का पोचते? किटली उशिरा येते. किटली उशिरा का येते? धार उशिरा संपते. धार उशिरा का? म्हैस पान्हा चोरत असणार. पान्हा का चोरते? तिला माझ्या हाताची सवय. मी भिंतीपलीकडं उभी आहे हे तिला कळतं, माझी चाहूल लागते, आणि ती दूध वर ओढून धरते. मला हे कारण इतकं आवडलं की सांगता सोय नाही. कंपनीवाल्या बाईला म्हैस कशाला, नाही का? बघा म्हणावं आता, कुणाची आठवण काढते ती.

पुरावेही सापडत गेले. सुट्टीच्या दिवशीही दूध मीच घालायचे, पण घाई नसायची; घरात वावरायचे, बोलायचे, लेकीला ओरडायचे. त्या दिवशी किटली आणखीनच उशिरा यायची. म्हणजे आवाज जास्त, पान्हा कमी. झालं सिद्ध.

मग मी प्रयोग सुरू केले. पहिल्यांदा आवाज बंद केला. बांगड्या वर सरकवून रुमाल बांधला. चप्पल हातात घेऊन अंगणात आले. लेकीला सांगितलं, सकाळी काहीही लागलं तरी खुणेनं मागायचं. ती पोर दोन दिवस खुणा करून दमली आणि तिसऱ्या दिवशी बापाला म्हणाली, "आई येडी झालीय का?" किटली मात्र होती त्याच वेळेला. उलट एक दिवस जास्तच उशीर झाला.

मग मी विचार केला, म्हशीला खूश करू. पहाटे उठून सरकी पेंडीचा एक गोळा भिजवला आणि हळूच भिंतीवरून तिच्या दावणीच्या अंदाजानं सोडला. दोन-तीन दिवस असं केलं. चौथ्या दिवशी बघते तर भिंतीच्या कोपऱ्यावर तारेत ओवलेलं लिंबू आणि मिरच्या टांगलेल्या, तोंड आमच्या घराकडं. मला एवढा संताप आला. माझी दृष्ट लागते होय हिच्या म्हशीला? मी वाढवलेल्या म्हशीला? मी नवऱ्याला अंगणातच मोठ्यानं सांगितलं, म्हणजे पलीकडं ऐकू जावं म्हणून. तो दात घासत होता. म्हणाला, "तू टाकलेली पेंड तिला दिसली आसंल. कुनी करनी केली म्हनून बांधलं आसंल लिंबू."

"मग तिनं विचारायचं."

"तू बोलतीस का तिच्याशी?"

मी पेंड टाकायची बंद केली. लिंबू आपोआप सुकून पडलं.

हे सगळं मला मजेचं वाटत होतं, कारण तोवर उशिराची किंमत पगारात थोडी कापली जायची, बाकी काही होत नव्हतं. पण मग करार संपायला आला. आम्ही ठेक्यावरच्या बाया. दर वेळी करार वाढवतात, आणि त्यातल्या चांगल्या कामाच्या बायांना कायम करतात. माझं काम चांगलं आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. सुपरवायझरनी मला बाजूला बोलावलं. बिचारा भला माणूस, ओरडणं त्याला जमत नाही.

"ताई, तुमचं नाव मी कायमच्या बायांत सुचवलंय," ते म्हणाले. "पण वरून विचारतात, हिची हजेरी अशी का? मी काय सांगू? या महिन्यात आणखी एक जरी लेट पडला ना, तर कायम सोडा, करारसुद्धा वाढणार नाही. माझ्या हातात राहणार नाही मग."

मी हातातल्या पार्टची कड अंगठ्यानं चाचपत राहिले.

"कारण तरी काय आहे?"

"म्हैस," मी म्हणाले.

"तुमच्याकडं म्हैस आहे?"

"नाही."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, सुप्यात एखादी खोली घ्या. चालत याल. हे फाट्याचं, बसचं झंझटच नको." आणि निघून गेले.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. आम्ही बाजेवर बसून बोललो. खोली घ्यायची, लेकीला तिथल्या शाळेत घालायचं, शेताला तो येऊन-जाऊन करील. बोलता बोलता ते अगदी सोपं वाटायला लागलं. नवरा म्हणाला, करू. मीही म्हणाले, करू. पण रात्रभर माझ्या डोक्यात ते नव्हतंच. नोकरी जाणार ही भीती होतीच, आणि त्या भीतीच्या मधोमध मला एकच वाटत होतं की अजून कारण सापडलेलं नाही. आवाज बंद करून बघितला, पेंड घालून बघितली, फरक पडला नाही. म्हणजे म्हैस हे कारण नव्हे. चौथ्या 'का'शी मी थांबले होते, कारण तिथं मला हवं ते उत्तर मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवरून मी अंगणात आले. धारेचा आवाज झाला, थांबला. मी स्कुटीपाशी न थांबता बांधकामातला उरलेला एक ब्लॉक ओढत आणला, भिंतीला लावला आणि त्यावर चढून पत्र्याखाली वाकून बघितलं. वाटणीनंतर पहिल्यांदा मी तिकडं डोकावत होते.

म्हैस बसलेली होती. डोळे मिटून निवांत रवंथ चाललं होतं, धार देऊन बराच वेळ झालेल्या जनावरासारखं. आणि तिच्याजवळ पालथ्या घमेल्यावर माझी जाऊ बसली होती. मांडीवर भरलेली किटली, झाकण लावलेलं, झाकणावर हाताचा पंजा. मान आमच्या अंगणाच्या बाजूला वळवलेली, कान देऊन ऐकणाऱ्या माणसाची असते तशी. मी वर आहे हे तिला कळलंच नाही. तिचे केस पुढून बरेच पांढरे झाले होते. एका भिंतीला लागून राहून मला ते माहीत नव्हतं.

"अक्का," मी म्हणाले, "धार झाली?"

ती दचकली. किटली सावरत उभी राहिली. क्षणभर वाटलं, बोलायची नाही. मग म्हणाली, "कवाच झाली."

"मग किटली का ठेवली न्हाई भिंतीवर?"

"तुजी गाडी कुटं चालू झाली आजून?"

"गाडी? मी किटलीसाठी थांबलीय."

"अन् मी गाडीसाटी." तिनं माझ्याकडं असं बघितलं जणू मीच खुळी. "मागं एकदा किटली ठेवून मी रानात गेले, अन् तू तर आदीच गेल्तीस. सगळं दूद नासलं उन्हात. मला काय म्हाईत. तवापासून म्हनलं, गाडी वाजल्याबिगर ठेवायची न्हाई. गाडी वाजली मंजी तू हाय."

मी ब्लॉकवर उभी. म्हणजे किटली तिनं मला दाखवायला ठेवली नव्हती. ती घरी नव्हतीच. तेच फाटलेलं दूध बघून मी एक ठरवलं आणि भिंतीपलीकडं तिनं दुसरं ठरवलं, आणि दोघीही आपापला शब्द काटेकोर पाळत रोज सकाळी एकमेकींसाठी बसून राहिलो. मला हसू नाही आलं. राग आला. एवढे पैसे कापले गेले, एवढ्या जीपा, एवढी पळापळ, बांगड्यांना रुमाल. आणि तिला एक शब्द बोलता आला नसता? मग लक्षात आलं की तो शब्द मलाही आला असता.

"पेंड तूच टाकत व्हतीस व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मला वाटलं कुनी तरी करनी करतंय."

आणि मग ती हसली. तोंडावर पदर घेऊन, जुन्या घरात हसायची तशी, खांदे हलवत. मग मलाही आवरेना. म्हैस डोळे उघडून दोघींकडं बघायला लागली.

लांबून, फाट्याकडून, कुठल्या तरी गाडीचा हॉर्न ऐकू आला तेव्हा मी भानावर आले. माझा चेहरा उतरला असणार. तिनं विचारलं, काय झालं, आणि मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आज लेट पडला की नोकरी गेली. डेअरीत थांबून किटली द्यायची तर बस मिळणार नाही.

"मग हितं काय बोलत बसलीस?" ती म्हणाली. "काड गाडी. मी येते मागं. मला डेअरीवर टाक अन् तू जा फुडं. मी जाईन चालत माघारी."

ती भिंतीला वळसा घालून धावत आली. स्कुटीवर मागं बसली, एक हात किटलीला आणि एक हात माझ्या खांद्यावर. तो हात मला वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यात जाणवत होता. डेअरीशी मी गाडी नुसती हळू केली, ती उतरली, "जा, जा" म्हणाली, आणि मी फाट्यावर पोचले तेव्हा बस दुसरा हॉर्न देत होती. मशीनवर बोट टेकवलं, हिरवी अक्षरं आली. सुपरवायझर तिथंच उभे होते. "आज कसं काय वेळेवर?" त्यांनी विचारलं.

"जाऊ बोलली," मी म्हणाले, आणि इतक्या बायांसमोर मला रडू फुटलं. ते घाबरले. त्यांना वाटलं जावेनं काही वाईटसाईट सुनावलं असेल. पाणी आणून दिलं.

त्या महिन्यात पुन्हा लेट पडला नाही. करार वाढला, आणि पुढं कायमचं पत्रही आलं. पण मला सांगायचंय ते त्याच दिवशी संध्याकाळचं. मी घरी आले तर जाऊ भिंतीपाशी उभी होती. रिकामी किटली तिनंच सकाळी परत आणली होती, म्हणजे तिचं माझ्याकडं काही काम नव्हतं. उगाच भिंतीवरची माती नखानं उकरत होती.

"मिळाली बस?"

"मिळाली."

"बरं झालं." मग माझ्याकडं न बघता, "सुप्याला खोली घेनार म्हनं तुमी."

"कुनी सांगितलं?"

"ऐकू येतं की सगळं."

मला एकदम कळलं की काल संध्याकाळी आम्ही बाजेवर बसून इतक्या सहज 'करू, करू' म्हणत होतो, तेव्हा पलीकडं पत्र्याखाली ती काय ऐकत होती. आणि तरी आज तीच माझी बस चुकू नये म्हणून धावली होती, जी नोकरी आम्हाला सुप्याला नेणार होती तीच टिकावी म्हणून. मी तिच्याकडं बघितलं. ती माती उकरतच होती.

"न्हाई घेत," मी म्हणाले.

नवरा ओट्यावर चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. अक्कानं मान हलवली, "बरं" म्हणाली आणि धारेची वेळ झाली म्हणून आत गेली.